उल्हासने बांधलेलं थंड घर

उल्हास मांडवकर मस्कतच्या रुवी भागात आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो. मूळचा गुहागरचा, हाडाचा सुतार. इथे प्रदर्शनांचे स्टॉल उभारायचे आणि आठवड्याने स्वतःच मोडायचे, यात त्याची उमेदीची वर्षं गेली. म्हणून या ऑगस्टमध्ये नवं काम आलं तेव्हा गडी हुरळून गेला.

मस्कतच्याच अझैबा भागात हवामान बदलावरची आंतरराष्ट्रीय परिषद भरणार होती. उष्ण कटिबंधातले देश जगाला कोणते उपाय देऊ शकतात, यावर तिथे खल व्हायचा होता. आपल्याकडच्या एका संस्थेला मंडपात विजेशिवाय गार राहणारं कोकणी घर दाखवायचं होतं. चिऱ्याच्या भिंती, उतरती कौलं, पडवी, वर माडाच्या झावळ्या. नकाशा बघून उल्हास म्हणाला, "ह्ये तर आमचंच घर!" उल्हासचा मेहुणा जितेश रंगकाम करायचा. गुहागरला असलेल्या उल्हासच्या बायकोचा, किशोरीवहिनींचा, हा एकुलता भाऊ, उल्हासनेच त्याला मस्कतला आणलेलं. दोघे कामाला लागले.

परिषदेचा तंबू जाड पांढऱ्या प्लास्टिकचा, चारी बाजूंनी बंद. एसी उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी जोडायचे होते.

इथे उन्हाळ्यात भर दुपारी काही तास उघड्यावर काम करायला बंदी आहे. नियम चांगला आहे. पण आमच्या लोकांनी त्याला आपल्यापुरती पळवाट काढलीय. डोक्यावर काही असलं, की ते ऊन नव्हेच! मग खाली वाफ कोंडून जीव कासावीस झाला तरी चालतं. मला या शहाणपणाचा मनस्वी राग येतो.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी ओमानी सुपरवायझर मुआजने तंबूत डोकावून हाक दिली, "यल्ला, सब बाहर. खलास!"

झावळ्या बांधायच्या राहिल्या होत्या. उल्हास शिडीवरून मुआजला म्हणाला, "अर्बाब, अंदर धूप किधर है?"

मुआज जरा घुटमळला आणि आपल्या गाडीत जाऊन बसला.

थोड्या वेळाने जितेश म्हणाला, "भावजी, गरगरतंय. बाहेर जाऊन बसतो."

"बाहेर आग ओततेय रे. हितं पडवीत बस, सावलीला."

जितेश पडवीत भिंतीला टेकून बसला. उल्हासने मग सुतळी मागितली, ती वर आली नाही. त्याने वाकून पाहिलं. जितेशची मान छातीवर पडली होती. डोळा लागला असेल, झोपू दे बिचाऱ्याला, असं म्हणून उल्हास पुन्हा कामाला लागला.

तो खाली उतरला तेव्हा जितेशचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घामाचा टिपूस नव्हता. हॉस्पिटलमध्ये बर्फात ठेवलं, सलाइन लावलं. सकाळी जितेश गेला.

त्याच सकाळी परिषद सुरू झाली. एव्हाना तंबूतले एसी इतके जोरात चालू होते, की पाहुण्यांनी कोट चढवले होते. त्या पडवीत बसून ते फोटो काढत होते आणि गारव्याचं कौतुक करत होते. ऐकून माझं डोकं फिरलं.

गुहागरला फोन मी लावून दिला, स्पीकरवर. वहिनींच्या आक्रोशाने मलाही रडू आवरेना. मग त्यांनी विचारलं, "खरं सांगा, उन्हात राबत होता काय तो?"

"नाय गो," उल्हास म्हणाला. "सावलीतच होता. मीच बसवला होता."

"मग तुम्ही जिवाला लावून घेऊ नका," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही होतात म्हणून शेवटी त्याला सावली तरी मिळाली."