दादाने बसवलेला वरचा डबा

घरातला माणूस गेला की लोक दारावर येतात. आमच्याकडे मोबाईल हातात धरून आले. दादाला जाऊन दोन महिने झाले आणि तेवढ्यात एका वायफायच्या डब्याचे इतके किस्से साचले की कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन नाही.

झालं असं. खालचा राऊटर जळाला, कंपनीने नवा दिला. खाली नेट सुरू. पण माडीवर माझ्या मोठ्या भावाने, म्हणजे दादाने, स्वतःच्या हाताने दुसरा डबा बसवला होता. त्याच्यावर आम्ही आणि शेजारची तीन घरं चालायची. तो आता दिवा लावून नुसता बसलेला. मोबाईल जोडला जायचा, नेट मात्र नाही.

*

कंपनीचा माणूस आला. चहा प्याला, वर बघितलं आणि म्हणाला, “हा डबा आमचा न्हाई. ज्यानं बसवला त्याला बोलवा.”

“त्याला बोलवता आलं असतं, तर तुला चहा कशाला पाजला असता?”

तो हेल्मेट विसरून गेला.

*

मग कंपनीला फोन लावला. बाई गोड बोलली. “कनेक्शन ज्यांच्या नावावर आहे, त्यांच्याशीच बोलता येईल.”

“ते वारले.”

“ठीक आहे सर. मग ते कधी उपलब्ध होतील?”

मी फोन आपटला. माझी काच गेली. तिचं काय गेलं?

*

शेजारचे भगवानमामा आईजवळ येऊन बसले. डोळे पुसले. “सोन्यासारखं पोरगं गेलं, अक्का.” लगेच दुसऱ्या हाताने मोबाईल पुढे केला. “अन् हे जोडल्यासारखं दाखवून राह्यलं, पण चालून न्हाई राह्यलं.”

आई “बघते” म्हणाली. मी म्हटलं, “मामा, आधी रडून घ्या. मंग बघू.”

*

शेवटी दादाचा मित्र संतोष अंबडहून दोन एसट्या बदलून आला. त्याचं मोबाईलचं दुकान आहे. त्याने खिशातून पिन काढली. “ह्या भोकात दहा सेकंद दाबायचं. सगळं पुसतं, मंग नव्यानं भरू.”

“सगळं म्हंजे?”

“त्यानं केलेलं सगळं.”

मी पिन हिसकावली आणि खिडकीबाहेर फेकली.

“सेटिंग हाय ते,” संतोष चिडला. “अस्थी न्हाईत.”

“तुझ्या भावाचं पूस मंग.”



*

वहिनीने दादाच्या डायरीतून डब्याचा पासवर्ड शोधून दिला. संतोषने वायर लावून लॅपटॉपवर उघडलं. नव्या राऊटरने आणि डब्याने एकच नंबर, म्हणजे नेटवरचा एकच पत्ता, धरला होता, म्हणून सगळा घोळ. पुसायची गरजच नव्हती. डब्याचा नंबर बदलला आणि भगवानमामा गल्लीतून ओरडले, “आलं, आलं.”

मग संतोष हसायला लागला. पडद्यावर मोबाईलची यादी होती, दादाने नावं दिलेली. आई. वहिनी. मामा. माझ्या नावापुढे घड्याळाची खूण.

“सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा बंद,” संतोषने वाचलं. “तुझ्या एकट्याचंच.”

दोन वर्षं मी कंपनीला शिव्या दिल्या. दिवसा माझंच नेट का जातं, असं विचारलं की दादा तोंड पाडून म्हणायचा, “कंपनीच हलकट. जा, तवर शेतात चक्कर मार.” आणि मी जायचो.

“काढून टाकू?” संतोषने विचारलं.

“हात लावून बघ.”

खालून आईने हाक मारली, “सगळ्यांचं सुरू झालं का रे?”

“माझं सोडून,” मी म्हटलं.