आधी फी सांग

वकील म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर गाडी, बंगला आणि दारात ताटकळलेली माणसं यायची. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या कोर्टाजवळ माझं शिलाईचं दुकान आहे. वकिलांचे काळे कोट माझ्याच हाताखालून जातात, तरी हीच समजूत! कोट वरून कडक इस्त्रीचा, आतलं अस्तर पार विरलेलं. ते मीच बदलते, पण कधी मनात आलं नाही की हा माणूस नवा कोट का शिवत नाही.

मग माझ्या घराच्या मागच्या खोलीत एक वकील पोरगी भाड्यानं राहायला आली. जवळच्या मेडशी गावची, शेतकऱ्याघरची. मला खाला म्हणते, म्हणजे मावशी. एका मोठ्या वकीलसाहेबांच्या हाताखाली शिकत होती. पगार विचारला तर हसली.

"ज्युनियरले पगार नसते, खाला. काम शिकाले भेटते, तोच पगार."

या अल्लाह! माझ्याकडं काज-बटण शिकणाऱ्या पोरीच्या हातावरही मी आठवड्याला काहीतरी ठेवते. आणि ही सकाळी साहेबांच्या तारखा घ्यायला उभी राहणार, दुपारी अर्ज टाइप करणार, साहेब म्हणाले की एसटीनं वाशीमला पळणार. पोटापुरतं काय सुटेल ते स्वतःच्या दोन-चार केसमधून, आणि त्यातलंही निम्मं झेरॉक्स नि तिकिटांत जाणार.

वडिलांनी तिच्यासाठी पुण्याच्या एका कंपनीत नोकरी बघितली होती. दिवसभर कंपनीचे कागद तपासायचे, महिन्याला पगार. महिनाअखेर उत्तर कळवायचं होतं.

"चांगलंच हाय की," मी म्हटलं.

"तिथं उभं राहून बोलाचं काम नसते, खाला. कोट पेटीतच राहीन."

उभं राहून बोलण्यात असं काय असतं, ते मला त्याच आठवड्यात कळलं. तिचा कोट माझ्याकडं अस्तराला होता. तो द्यायला मी कोर्टात गेले आणि मागच्या बाकावर टेकले. तिची अशील एक खेड्यातली बाई, नवऱ्याकडं पोटगी मागत होती. नवऱ्याचा साक्षीदार छाती फुगवून सांगत होता, की दर महिन्याला तो नवऱ्यासोबत त्या बाईच्या घरी जातो आणि पैसे त्याच्यासमोर दिले जातात. माझी ही पोरगी, जी पाल दिसली तरी मला हाक मारते, ती उभी राहिली. आवाज मऊ.

"काका, घरात जाता की बाहेरूनच देता?"

"आत जातो ना. चहा घेतो."

"रस्त्यावरून सरळ आत?"

"हो, सरळ आत."

"आणि जिना?"

"कायचा जिना?"

बाई माडीवर राहत होती. लोखंडी जिना चढल्याशिवाय तिच्या घरात पाऊलच पडत नव्हतं! न्यायाधीशांनी मान वर करून साक्षीदाराकडं पाहिलं आणि मग लिहू लागले. इतकी वर्षं कोट शिवले, पण कोटात माणूस असा उभा राहिलेला पहिल्यांदा पाहिला.

आणि बाहेर आल्यावर काय? बाईनं विचारलं, "मॅडम, तुमचे किती द्याचे?" आमची मॅडम आपल्या चपलेकडं बघत म्हणाली, "द्या... जमन ते." बाईनं एक घडी केलेली नोट दिली, तोंडभर आशीर्वाद दिला आणि गेली.

"काहून वं," मी म्हटलं, "तिथं कात्रीसारखी जीभ चालते, आन् इथं काय झालं?"

"लाज वाटते, खाला. लोक अडचणीत येतात."

"मंग माह्याकडं काय नाचत येतात? उद्यावर लग्न आलं की रडतच येतात."

ती हसली. पण आकडा काही तिच्या तोंडून निघेना, आणि तेवढ्यापायी हिच्यावर पुण्याला कागद तपासायला जायची पाळी येणार होती.

महिना संपत आला तशी मलाच नोटीस आली. दुकानाच्या मालकाला जागा रिकामी करून हवी होती. नोटीस घेऊन मी तिच्या खोलीत गेले. तिनं हात पुढं केला, मी कागद मागं ओढला.

"आधी फी सांग."

"तुमच्याकडून? भाड्यात पाहू ना, खाला."

"भाडं येगळं. सांग, नाही तर तुह्या साहेबाकडं जाते."

तिनं चपलेकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि सांगितली. चांगली मोठ्यानं. माझ्या अंदाजापेक्षा मोठीच निघाली!

"काही कमी कर ना माय," सवयीनं माझ्या तोंडून गेलं.

"शिलाई एकच, खाला."

दुकानात घासाघीस करणाऱ्या बायकांना मी रोज सुनावते ते माझंच बोलणं! मी गुमान कागद दिला.

"आन् पुणं?" मी विचारलं.

"आज त्यायले नाही म्हणून कळवून टाकीन. आधी हे सांगा, दुकानाचं भाडं कोणाच्या हातात देता?"

तोच मऊ आवाज. मी डोक्यावरचा पदर सारखा केला, नीट बसले, आणि आठवून आठवून, खरं तेवढंच बोलू लागले.