शिलूभाऊची अकरा चित्रं आन् माझा चुना

दोन हजार पंचवीस साल, आन् मला चौऱ्याहत्तरावं चालू. मार्चच्या शेवटी एका दुपारी माझा मुलगा मिलिंद, अंबडला मास्तर हाय, शाळा सुटल्यावर थेट माझ्याकडं आला. चपला न काढताच म्हणाला, "बाबा, शिलूभाऊ गेले. त्यांच्या पुतणीचा फोन आल्ता." मी अंगणात बाजेवर बसलेलो. समोर घराची लांब भिंत, आन् तिच्यावर शिलूभाऊनं फेब्रुवारीत जाता जाता काढलेलं चित्र...

नाव त्याचं सिल्वियो, देश इटली. आमच्या वस्तीनं त्याचा शिलूभाऊ केला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, पण बोलणं अरे-तुरेचं. त्याच्या मुलखात तो नावाजलेला चित्रकार होता हे आम्हाला फार उशिरा कळलं. तरुणपणी त्यानं आन् त्याच्या चार मित्रांनी ठरवलं, चित्र म्हणजे दिवाणखान्यात टांगायची वस्तू न्हाई. मंग कुठं फाटकं गोणपाट टांगलं, कुठं बर्फाच्या लादीवर रंग ओतून ती वितळू दिली. एकदा तर भरल्या हॉलमध्ये स्वतःचं चित्र कात्रीनं कापून तुकडे लोकांना वाटले. लोक आधी हसले, आन् मंग त्यांनी ते तुकडेसुद्धा काचेत घालून भिंतीवर लावले. "काही बी कर सखाराम, जपूनच ठेवतात," असं तो सांगायचा, तेव्हा त्याचं तोंड घरात चोरी झालेल्या माणसासारखं व्हायचं.

आमची गाठ चुन्यानं घातली. बारा वर्षांमागं हिवाळ्यात अंबडला एका घराच्या कामावर मी कळीचा चुना विझवत होतो. पाणी पडलं की चुना उकळतो, वाफ निघते. रस्त्यानं चाललेला हा उंच गोरा म्हातारा थांबला, उकिडवा बसला आन् मोडक्या हिंदीत म्हणाला, "पानी कम है." चाळीस वर्षं चुना लावणाऱ्याला हा शिकवणार. मी म्हणलं, "आपके यहां चूना होता है क्या?" त्यानं तळवे पुढं केले. त्याचा बाप चुन्याच्या भट्टीवर कामाला होता, लहानपणी भाजलेले डाग अजून होते. पाणी खरंच कमी पडलं होतं. ते मी त्याला शेवटपर्यंत कबूल केलं न्हाई.

त्या संध्याकाळी तो आमच्याकडं भाकरी खायला आला आन् तीन आठवडे राहिला. गेरू, कोळसा, पिवळी माती घेऊन त्यानं आमची भिंत भरून टाकली. पुढच्या हिवाळ्यात येतो म्हणून गेला. मंग एप्रिल आला, जयंती आली. आमची बौद्धांची वस्ती. जयंतीच्या आधी एक भिंत जुनी दिसत न्हाई. मी नीळ घातलेला चुना घेतला आन् सगळ्या घराबराबर तीही भिंत पांढरी केली. मनात काही आलंच न्हाई.

डिसेंबरात तो आला तो फोटोवाल्याला घेऊन. फोटोवाला पांढरी भिंत बघून खालीच बसला. शिलूभाऊनं भिंतीवर तळवा ठेवला, किती तरी वेळ. मी म्हणलं, "जयंती थी." मंग तो हसायला लागला, हसता हसता ठसका लागला. फोटोवाल्याला म्हणाला, आम्हा पाच जणांना जन्मभर जमलं न्हाई ते यानं एका सकाळी केलं. तिथून, कोरोनाचे दोन हिवाळे सोडले तर, दर हिवाळ्यात तो काढायचा, दर एप्रिलात मी झाकायचो.

हळूहळू आमची बोली बोलायला लागला. एकदा माझी बायको कौसा विचारती, "भाऊजी, हे काय काढून राह्यले?" तो म्हणतो, "वहिनी, मला बी अजून कळलं न्हाई." कौसा म्हणती, "मंग घाई कशाला केली?"

सातव्या साली त्यानं कौसाला भिंतीवर शेणानं सारवायला लावलं. तिच्या हाताचे अर्धगोल फिरले होते, ते त्यानं तसेच ठेवले. त्याच मार्चात कौसा गेली. एप्रिलात ब्रश हातात घेतला तर हात वर जाईना. त्याला फोन केला. म्हणलं, यंदा राहू देऊ का? तो म्हणाला, "भिंत तुझी हाय. पण वहिनीनं जयंतीला भिंत तशी ठेवली असती का?" मी फोन ठेवला आन् चुना लावला.

आता मिलिंद सांगत होता, तिकडचं एक संग्रहालय भिंत कापून न्यायला तयार आहे, पुतणी म्हणती हात लावू नका.

"बाबा, त्यांचं शेवटचं हाय हे."

"पहिलं बी त्याचंच होतं."

"हट्ट करू नका."

"हट्ट न्हाई," मी म्हणलं. पण होता.

अंधार पडेपर्यंत मी चित्रासमोर बसलो. कोपऱ्यातून निघालेली कोळशाची जाड रेघ मधेच थांबते, आन् तिच्या खाली गेरूचा एक लाल पट्टा. एवढंच. इतकी वर्षं मला वाटायचं, मी जयंतीसाठी चुना लावतो. त्या संध्याकाळी कळलं, तो येईल तेव्हा त्याला कोरी भिंत मिळावी म्हणूनही लावत होतो. आता कोरी करून कुणाला देऊ... पण कापून नेलेली भिंत काचेआड उभी राहील, आन् लोक जपतील. ज्याच्यापासून तो जन्मभर पळाला तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपातला चुना फडक्यातून गाळला, नीळ टाकली आन् भिंतीला शिडी लावली. मिलिंद आला, त्यानं शिडी धरली. कोळसा चुन्याच्या एका हातानं झाकला जात न्हाई. चुना वाळेपर्यंत आम्ही दोघं खाली बसलो, आन् मंग मी दुसरा हात मारला.