पाणगवताचा निकाल

आमच्या फ्रीगंजच्या गल्लीत बातमी एकदम पक्की होती: वासंतीताई लघाटे क्षिप्रेत काई पेरतात, म्हणजे रामघाटावर यात्रेकरू घसरतील आणि ताईंच्या हाडांच्या डॉक्टर जावयाचा दवाखाना चालेल. दोन घरी ती मीच पोचवली, तेव्हा खरं सांगणंही माझ्याकडेच आलं. ताईंना जावई नाही. लग्नच केलेलं नाही. आणि त्या लावतात ती काई नव्हे, पाणगवत. मुळं गाळात, फितीसारखी पानं पाण्याखाली. त्यात मासळी अंडी घालते. ताईंच्या लहानपणी नदीत ते भरपूर होतं, मग नाहीसं झालं.

एकतीस वर्षं शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवून बाई निवृत्त झाल्या आणि भैरवगढच्या पुढे संथ पाण्यात उतरल्या. चार वर्षं झाली. दर हिवाळ्यात दहा जागी बांबूची चौकट ठेवायची. आत गवत किती, गोगलगायी किती, पिल्लं किती, मोजायचं. गुडघे कामातून गेले. मी म्हणायचो, "ताई, मासे तरी ओळखतात का तुम्हाला?" त्या दमलेल्या, तरी पुढची चौकट उचलायच्या.

यंदा पालिकेचे साहेब म्हणाले होते, सात चौकटींत गवत दिसलं तर हा पट्टा नदीच्या सफाईतून कायमचा वगळू. मोजणी शनिवारी. ताईंनी हौसेनं काठावर पाटी लावली: 'जलघास. निकाल शनिवार.' शाळेच्या फळ्यावरचा हात, दुसरं काय!

शनिवारी आम्ही पोचलो तर काठावर हिरवा ढीग. सफाईवाला रमेश हात पुसत आला. "हो गया मैडम! आपने लिखा था ना, सुबह ही निकाल दी."

मला हसू फुटलं. मग ताईंचा चेहरा दिसला. त्या पायरीवर बसल्या. रमेशला एवढंच विचारलं, "चाय पी ली?"

साहेब आले. तीन चौकटींत गवत. "अगले साल देखेंगे," म्हणाले आणि गेले.

ताई परत पाण्यात उतरल्या. कोपरापर्यंत हात गाळात घालून चाचपत राहिल्या, एकेक जागा. माझी जीभ कुठली गप्प बसायला! काठावरून विचारलं, "लागला ना ताई निकाल?"

त्या न वळताच म्हणाल्या, "मुळं शाबूत आहेत, भय्यासाहेब. नापास झालंय, मेलेलं नाही. बसू आम्ही दोघं पुन्हा त्याच वर्गात. तुम्ही दात काय काढताय? ती पाटी काढा आधी."