पुढच्या ब्रेकची तार

वस्ताद हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव विचारलं तर त्यांच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागलं असतं. रक्तपेढीतून दवाखान्यांत रक्ताच्या पिशव्या पोचवायचं त्यांचं काम. एकतीस वर्षं मोटारसायकलवर काढली, पण एक पिशवी फुटली असेल तर शपथ! गल्लीतल्या निम्म्या लोकांना गाडी शिकवली तीही त्यांनीच आणि फुकट, म्हणून तर वस्ताद.

शिकवायची त्यांची एक खास रीत होती. नवा गडी आला की आधी पाना काढायचा आणि पुढच्या ब्रेकची तार सैल सोडायची. हाताखालची ब्रेकची कांडी नुसती लुळी पडायची. "पुढचा ब्रेक म्हणजे साक्षात मरण," ते सांगायचे. "दाबलास की गाडी डोक्यावरून उलटलीच समज. पाय कशाला दिलाय देवानं? पायाचा ब्रेक मार." महिनाभरानं तार पुन्हा आवळायचे, पण तोवर शिकणाऱ्याची बोटं त्या कांडीकडे जायचंच विसरलेली असायची.

पोटच्या पोरालाही त्यांनी असंच शिकवलं. तीन वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या फाटकातून अचानक ट्रक बाहेर आला आणि पोराची गाडी घसरत त्याच्या मागच्या चाकाखाली गेली. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. रस्त्यावर ट्रकपर्यंत टायरचा काळा पट्टा उमटला होता. हवालदार म्हणाला, एवढा लांब पट्टा म्हणजे साठ-सत्तरचा वेग. वस्तादांनी स्वतः पावलं टाकून मोजला, अठरा भरला.

शुद्धीवर आल्यावर पोरगा म्हणाला, "अप्पा, मी चाळीसवरच होतो."

"पाय गेला तरी खोटं बोलायची खोड जात नाही तुझी!" वस्ताद भर वॉर्डात ओरडले. शेजारच्या खाटांवरचे पेशंट माना वळवून बघायला लागले. बायकोनं त्यांचा दंड धरला, तर तो हिसडला. त्या दिवसापासून बापलेकांत बोलणं उरलं ते एवढंच: जेवलास का, औषध आणलं का. पोरगा पुढच्या खोलीत बसून मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतो. बाप कामावरून आला की त्याच्या मागून मुकाट आत जातो.

यंदा रक्तपेढीनं फर्मान काढलं: गाडी चालवणाऱ्या प्रत्येकानं दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं, नाहीतर किल्ली जमा करायची. वस्तादांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मला शिकवणार? मला?" पण निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. गेले बापडे.

शिकवायला होती एक पंचविशीतली मुलगी. बंद पडलेल्या गोदामामागच्या डांबरी पटांगणात तिनं लाल शंकू मांडले होते. "काका, चाळीसच्या वेगानं या, आणि शंकूशी आलात की थांबवा. जसं नेहमी थांबवता तसंच."

वस्ताद ऐटीत आले. शंकूशी पायाचा ब्रेक मारला. मागचं चाक अडकलं, गाडीनं शेपूट हलवलं आणि चांगली पुढपर्यंत घसरत जाऊन थांबली. पडले नाहीत, म्हणून स्वतःवरच खूश झाले.

"आता मी येते," मुलगी म्हणाली. त्यांचीच गाडी घेतली, तोच वेग ठेवला. शंकूशी तिनं पायाबरोबर पुढचा ब्रेकही दाबला, हळूहळू जोर वाढवत. वस्तादांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी सरळ उभी होती, उलटलीबिलटली काही नव्हती.

"ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर येतं, काका. मागचं हलकं होतं, ते नुसतं घसरतं. मोजा बघू."

वस्तादांनी मोजलं. तिची बारा पावलं. मग ते आपल्या काळ्या पट्ट्याकडे वळले. एक, दोन, तीन. अठरावर त्यांचा पाय अडखळला. पट्टा अजून संपलाच नव्हता. बाविसाव्या पावलावर संपला.

चाळीसच्या वेगात बावीस! ते तिथेच डांबरावर मटकन खाली बसले. मुलगी पाणी घेऊन धावत आली. "काका, चक्कर आली का?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. पोरगा खरं बोलत होता. बारा पावलांत थांबवता आली असती, तर ट्रकच्या अलीकडे सहा पावलं त्याची गाडी उभी राहिली असती, सहा पावलं! आणि ती त्याच्या हातून कुणी काढून घेतली, हे सांगायला आता कुठला हवालदार लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? मुलीला पोराचं काही ठाऊक नव्हतं, हवालदाराची केव्हाच बदली झाली होती. घरी परतताना वाटभर त्यांच्या मनात हेच चाललं होतं, आणि त्याची लाजही वाटत होती.

पोरगा पंख्याच्या तारेची गुंडाळी सोडवत बसला होता. नेहमीसारखे आत न जाता वस्ताद त्याच्यासमोर स्टुलावर बसले. स्वयंपाकघरातून बायको दारात येऊन उभी राहिली.

"तू चाळीसवरच होतास," वस्ताद म्हणाले. "मी चुकीचं शिकवलं तुला. पुढचा ब्रेक दाबला असतास तर थांबली असती गाडी. तुझा पाय माझ्यामुळे गेला, बाळा. आणि वर मी तुला खोटारडा ठरवलं."

पोरानं पक्कड खाली ठेवली.

"मला माहीत होतं, अप्पा. वॉर्डात शेजारी एक बसचालक होता, त्यानं सगळं समजावलं होतं."

"मग तीन वर्षं बोलला का नाहीस रे? खोटारडा म्हणवून घेत बसलास!"

"तुम्हाला रोज सकाळी गाडीवर बसायचं होतं ना," पोरगा म्हणाला. "हे कळलं असतं, तर बसवलं नसतं तुमच्यानं."