नळाला लावलेला कान

"थांब जरा, हिव वाजून राहिलंय त्याला," असं म्हणत शेजारच्या मावशी कनवटीतून पेन्सिल सेल काढायच्या, तळहातांत चोळायच्या आणि मग कानाच्या मशीनमध्ये बसवायच्या. मशीन म्हणजे एक छोटी पेटी, तिला वायर आणि वायरीच्या टोकाला कानात घालायचं बटण. थंडीत सेल लवकर मान टाकतात, म्हणून रात्रभर ते पोटाशी धरून झोपायचं, असा त्यांचा नेम होता.

पेटी रात्री फडक्यात बांधून ज्वारीच्या डब्यात. घामाची, वाफेची ओल ज्वारी ओढून घेते म्हणे. साल दुष्काळाचं. मी एकदा चिडवलं, "मावशी, माणसाला ज्वारी मिळेना, अन् मशीनला डबाभर?"

"खात न्हाई ते. निस्तं झोपतंय."

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. मावशींचा मुलगा नव्या कचेरीत कारकून, मीही तिथलाच. कचेऱ्या आल्या, साहेब आले, पाणी तेवढं आलं नाही. गल्लीच्या टोकाला एकच नळ. पहाटे कधीतरी यायचा आणि चार घागरी भरतात न भरतात तोच जायचा.

आता तुम्ही हसाल, पण त्या नळाच्या राखणीला गल्लीतलं सगळ्यात बहिरं माणूस होतं. मावशी पेटी माकडटोपीत गुंडाळून नळाला बांधायच्या, बटण कानात घालून शेजारच्या दगडावर बसायच्या. पाणी यायच्या आधी नळातून हवा सुसू करते. आम्हाला ती ऐकू यायची नाही, मावशींना मशीनमधून यायची. मग त्या तांब्यानं घागर बडवायच्या आणि दारं उघडायची.

मुलगा वैतागायचा. "आई, आमच्याशी बोलायला आणलंय ते. भिजवशील एक दिवस."

"तू सांजच्याला बी बोलतूस. नळ बोलतोय का?"

एवढ्या थंडीत कशाला बसता, असं मी एकदा विचारलं. त्या सेल चोळत राहिल्या.

"गावात इहिरीला हात लावू देत न्हवते आमाला. कुणी वरून वाढलं तर पाणी. दुपार व्हायची बसून. आता म्या घागर वाजविल्याबिगर हितं कुणाच्या घरात पाणी न्हाई." आणि लई खुशीत हसल्या. मला आमच्या गावच्या विहिरीवरचा रहाट आठवला. त्याला हात लावायची मुभा आमच्यासारख्यांनाच होती.

त्याच हिवाळ्यात एकदा उन्हं दारात आल्यावर जाग आली. घागर वाजलीच नव्हती. सगळी गल्ली चिडून बाहेर पडली.

मावशी दगडावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. बटण कानात, तांब्या मांडीवर. नळाखालची घागर भरून वाहिली होती आणि ओल पार रस्त्यापर्यंत गेली होती. मुलानं त्यांचा हात हातात घेतला आणि तो तसाच खाली बसला.

सांगायला नको वाटतं, पण कुणीतरी आधी नळ पिळून पाहिला. पाणी गेलं होतं. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. मी रिकामी घागर धरून उभा राहिलो.

मुलानं नळाला बांधलेली पेटी सोडली, आईच्या कानातलं बटण काढलं आणि दोन्ही एकत्र टोपीत ठेवली. बटण इतकं जवळ आलं तशी पेटी बारीक शिट्टी वाजवू लागली. बंद कशी करायची ते त्याला माहीत नव्हतं. ते काम मावशीच करायच्या.

शिट्टी बराच वेळ चालली. सेल रात्रभर त्यांच्या पोटाशी होते.