आंबा भिंतीपासून किती लांब?

पिंपरीच्या आमच्या वसाहतीत झाडांपेक्षा झाडांचे किस्सेच जास्त फोफावले. एक सांगायला घ्यावा, तर दुसरा कुंपणावरून डोकावतो. सगळे मला नीट आठवतात, असा दावा नाही. आंब्याचं मात्र पक्कं आठवतं.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी कारखान्यात केमिस्ट, डॉक्टरेट केलेला. सौ.च्या आईने कोय रुजवून आंब्याचं रोप दिलं, आणि त्याच वर्षी आई गेल्या. रोप मेलं तर दुसरं मिळणार नव्हतं. ते पत्र्याच्या डब्यात वाढत होतं आणि मी जागा ठरवत होतो. मुळं भिंत फोडतील, पाइप उचकटतील, फांद्या तारांना लागतील! शेवटी शेजाऱ्यांचा सल्ला घ्यायला निघालो.

*

पहिले सावंत, ड्रॉइंग ऑफिसातले. त्यांनी वसाहतीचा नकाशा पाहून, विजेच्या तारांपासून भरपूर लांब शेवगा लावला होता. शेवगा छपराएवढा झाला आणि कंपनीने नवी लाइन ओढली, नेमकी त्याच्यावरून! वाऱ्यात फांदी मोडली, तार तुटली, अख्ख्या रांगेची वीज गेली.

साहेबाने जाब विचारला, तर सावंत म्हणाले, "झाड आधीचं आहे, साहेब. तारेने जागा बघायला हवी होती."

*

त्यांचे शेजारी शेखभाई, कारखान्याच्या ट्रकांचे मेकॅनिक. फर्स्ट शिफ्ट करून आल्यावर खाटेवर सावली हवी, म्हणून त्यांनी कडुनिंब लावला. जागा ठरवली मात्र सकाळच्या उन्हात. झाड वाढलं आणि दुपारची सावली कुंपणापलीकडे, सावंतांच्या अंगणात पडू लागली. शेखभाई रोज खाट उचलून तिकडे जायचे.

सावंतांनी हटकलं, तर म्हणाले, "सावली माझी, अंगण तुमचं. चहा कुणाचा, तेवढं ठरवू या, राव."

*

चिंचवड गावठाणातले तात्या दूध घालायला येत. त्यांना मी मुळांचा पसारा, वाऱ्याची दिशा, भिंतीच्या पायाची खोली, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि सौ.ला विचारलं, "वहिनी, डॉक्टर झाड लावत्यात का सोयरीक जमवत्यात?"

सौ. खूप हसली. तात्या गेल्यावर मात्र म्हणाली, "तुम्ही फक्त बोट दाखवा. खड्डा मी खणते."

*

अखेर एका रविवारी मी टेप घेऊन अंगणात उतरलो. भिंत, पाइप, तारा, सगळ्यांपासून लांब अशी एकच जागा निघाली. सावंत आणि शेखभाईंनी खड्डा खणला. सौ. मागच्या दाराशी डबा आणायला गेली आणि तिथूनच तिने हाक मारली.

डबा उचलला जाईना. शेखभाईंनी जोर लावला, तरी हलेना. मी गुडघे टेकून पाहिलं. डब्याचं बूड केव्हाच गंजून गेलं होतं आणि मूळ खाली जमिनीत उतरलं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर!

मूळ तोडून रोप हलवता येईल का, असं मी हळूच विचारलं. सौ.ने शेंड्याची तांबूस पालवी पाहिली, मग माझ्या हातातली टेप.

"अहो," ती म्हणाली, "आता भिंत कुठे हलवायची, ते ठरवा."